दुष्काळाच्या आठ सवलतींत औषधाची सवलत का नाही?

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सांगली.

विषय : आर्थिक संकटाच्या काळात जिल्ह्यातील लोकांच्या आरोग्यासाठी करावयाची तरतूद.

महोदय,

कवठे महांकाळ तालुक्यातील एका बाजारगावात माझे औषधांचे दुकान आहे. सासऱ्यांनी ते सुरू केले आणि गेली एकतीस वर्षे नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून मी ते चालवते. मी अर्थशास्त्राची अभ्यासक नाही आणि डॉक्टरही नाही. परंतु लोकांच्या हातातला पैसा आटला की त्यांच्या शरीराचे काय होते, हे दुकानाच्या काउंटरमागून जितके स्पष्ट दिसते तितके ते सरकारी कागदांत उमटलेले मला आढळले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा कोठे जावा हे आपली समिती ठरवते आणि ज्यांच्यासाठी ती योजना असते त्या लोकांनाही ही मागणी ठाऊक असावी.

औषधांच्या दुकानात दोन वह्या असतात. एक औषध निरीक्षकांना दाखवायची. ठरावीक प्रतिजैविके आणि झोपेची औषधे कोणाला, कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिली हे तिच्यात लिहावे लागते. दुसरी वही उधारीची. तासगावच्या सौद्यात बेदाण्याचा दर पडला, की महिना-दीड महिन्यात त्याची खूण या दुसऱ्या वहीत दिसू लागते. आधी उधारी वाढते. त्यानंतर ती कमी होऊ लागते, आणि मला खरी धास्ती वाटते ती तेव्हा, कारण मागची बाकी फेडता येत नाही म्हणून माणसे दुकानाची पायरी चढायचीच थांबलेली असतात.

औषधे बंद होण्याचाही एक क्रम असतो आणि इतक्या वर्षांत तो मी फारसा बदललेला पाहिला नाही. सर्वांत आधी घरातल्या बाईची लोहाची आणि कॅल्शियमची गोळी बंद होते, मग तिची थायरॉईडची. त्यानंतर सासऱ्यांच्या किंवा सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पूर्ण पट्टी मागण्याऐवजी ‘पाचच कापून द्या’ असे सांगितले जाते. पुढे साखर तपासणे थांबते आणि गोळी मात्र अंदाजाने चालू राहते, जे काही वेळा गोळी बंद करण्याइतकेच घातक असते. लेकराचे औषध शेवटपर्यंत कोणी बंद करत नाही, पण पाच दिवसांचा डोस दोन दिवसांत ताप उतरला की थांबवला जातो आणि उरलेले औषध पुढच्या तापासाठी देवळीत ठेवले जाते. याच काळात काही वस्तूंचा खप वाढतो. अंगदुखीच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या आणि चिठ्ठी नसताना केलेली झोपेच्या गोळीची मागणी. ही शेवटची मागणी मी नाकारते. परंतु नाकारल्यावर तो माणूस घरी जाऊन ती रात्र कशी काढणार, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

एक उदाहरण सांगते. ओळख पटेल असे काही लिहिणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगली शहर आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. आम्ही पूर्व भागातले लोक त्यातून वाचलो, पण त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने आमच्या बागा गाठल्या. आगाप, म्हणजे हंगामाआधी, छाटणी घेतलेल्या बागांत घड कुजले, डावणी या बुरशीजन्य रोगाने पाने गेली आणि फवारण्यांचा खर्च मात्र होऊन बसला. माझ्याकडे नेहमी येणारे एक द्राक्षबागायतदार, वय पन्नाशीच्या थोडे पुढे, दोन एकर बाग, रक्तदाबाच्या तीस गोळ्या महिन्याला नेत असत. नोव्हेंबरात त्यांनी पंधरा नेल्या. डिसेंबरात त्यांच्या पत्नी आल्या आणि दहा घेऊन गेल्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘एक दिवसाआड घ्यायलेत.’ मार्चमध्ये टाळेबंदी लागली, व्यापारी बागेत यायचे थांबले, राहिलेला माल शेडवर टाकून त्याचा बेदाणा करावा लागला आणि मे महिन्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. मिरजेला नेले, जीव वाचला. दोन दुभत्या गाई विकल्या गेल्या, पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या आणि नर्सिंगला जाणार असलेली धाकटी मुलगी घरी राहिली. ज्या गोळीअभावी हे घडले ती दिवसाला दोन-तीन रुपयांची होती. त्यांनी मागितली असती तर मी ती उधार दिली असती, हे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे. परंतु उधारी मागण्यालाही माणसाची एक मर्यादा असते, आणि ती मर्यादा मी तेव्हा ओळखली नाही.

ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते हे मला ठाऊक आहे. त्यांनाही कदाचित ठाऊक असेल. परंतु बारा-पंधरा वर्षे खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध घेणारा माणूस, हात तंगीत आला म्हणून आपणहून सरकारी केंद्राच्या रांगेत जाऊन उभा राहत नाही. तेथे जायचे तर कामाचा अर्धा दिवस मोडतो, गेल्यावर साठा असेलच याची खात्री नसते, आणि गावात आपली परिस्थिती उघडी पडते ती वेगळीच. त्याच्या दारात कोणी येऊन ‘आजपासून तुमची गोळी आमच्याकडून घ्या’ असे सांगितले असते, तर ती त्याने घेतली असती. असे सांगायला कोणी गेले नाही, कारण असे सांगणे हे शासनाच्या कोणत्याही संकटकालीन योजनेत लिहिलेलेच नाही. माझ्या या पत्राचा मुद्दा तोच आहे.

दुष्काळ जाहीर झाल्यावर शासन ज्या सवलती लागू करते त्या आपल्या परिचयाच्या आहेत. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, आवश्यक तेथे टँकर आणि टंचाईग्रस्त गावांतील शेतीपंपांची वीज न तोडणे, अशा या आठ सवलती. त्यातील प्रत्येक सवलत आवश्यक आहे आणि एकही कमी करावी असे मी म्हणणार नाही. टँकरचे पाणी हे तर आरोग्याचेच काम आहे. परंतु शेतसारा, कर्ज, पंप आणि परीक्षा या सर्वांचा विचार ज्या यादीत झाला, तिच्यात त्या शेतकऱ्याच्या रक्तदाबाचा, त्याच्या घरातल्या गरोदर सुनेचा किंवा फिट येणाऱ्या मुलाच्या रोजच्या औषधाचा विचार झालेला नाही. नववी सवलत आरोग्याची असावी, ही माझी पहिली मागणी आहे. ती राज्य शासनाने द्यावयाची आहे हे मी जाणते. आपल्या समितीने तसा ठराव करून शासनाकडे पाठवावा आणि शासनाचा निर्णय होईपर्यंत जिल्हा योजनेतून आपल्या जिल्ह्यापुरती ती सुरू करावी.

येथे दुसरी अडचण लगेच समोर येते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हा आपल्या जिल्ह्यातील शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज हे तालुके त्या यादीत होते. पिढ्यानपिढ्या टंचाई सोसणारे जत आणि आटपाडी त्या पहिल्या यादीत नव्हते, आमचे कवठे महांकाळही नव्हते. पर्जन्यमान, भूजल, पिकांची स्थिती असे निकष लावून ती यादी झाली होती, आणि त्या निकषांवर वाद घालण्याची ही जागा नव्हे. मला लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीकडे. पाऊस, पाणी आणि पीक यांची मोजणी होते, परंतु घरातल्या पैशाची मोजणी कोणीच करत नाही. जिला आपण पैसेवारी म्हणतो ती उत्पन्नाची आणेवारीही पिकाचीच असते. पीक उत्तम आले आणि दर कोसळला, व्यापारी माल उचलून पैसे न देता परागंदा झाला, किंवा नोव्हेंबर २०१६ मध्ये झाले त्याप्रमाणे बाजारातील नोटाच बंद झाल्या आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली, तर ज्याचे खाते केवळ गावच्या सहकारी पतपुरवठा सोसायटीत आणि जिल्हा बँकेत आहे त्याच्यासाठी तो दुष्काळच असतो. सरकारी नोंदीत मात्र त्या वर्षी काहीच घडलेले नसते. त्या नोव्हेंबरात माझ्या काउंटरवर पाचशेच्या जुन्या नोटा हातात धरून उभी असलेली माणसे मला अजून आठवतात. औषध दुकानांना त्या नोटा घेण्याची मुभा काही दिवस होती, परंतु एवढ्या लोकांना परत देण्यासाठी सुटे पैसे माझ्याकडे कोठून असणार?

आर्थिक संकटाने आजार वाढतात, ही गोष्ट नवी नाही, आणि ते अटळ आहे असेही नाही. याचा पुरावा शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात याच दख्खनच्या पठारावर सरकारने दुष्काळी कामे काढली, पण दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठवलेले ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेम्पल यांच्या धोरणानुसार अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर भागवावे लागले. पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे निवेदनांमागून निवेदने पाठवली. सभेचे आधारस्तंभ गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे मूळचे आपल्या शेजारच्या साताऱ्याचे. त्या दुष्काळात माणसे गेली ती केवळ पोटात अन्न नव्हते म्हणून नव्हे. खंगलेल्या शरीरांना पटकी, हगवण आणि पाऊस परत आल्यानंतर हिवताप यांनी गाठले. भूक हे कारण होते आणि मृत्यूच्या नोंदीत मात्र तापाचे नाव लागले.

त्यानंतर पंच्याण्णव वर्षांनी, १९७२ साली, त्याच मातीत पुन्हा पिके बुडाली. माझ्या सासूबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. पाझर तलावाच्या कामावर त्या खडी फोडत असत, तेथे सुकडी, म्हणजे तयार पौष्टिक खाऊ, मिळे आणि घरी लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी होत. त्या भाकरीची चव त्यांना आयुष्यभर नकोशी वाटली, पण ‘ती होती म्हणून आम्ही राहिलो’ हेही त्या सांगत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. पिकांचे एवढे प्रचंड नुकसान होऊनही १८७७ सारखी माणसे किड्यामुंगीसारखी मेली नाहीत, याचे मुख्य कारण घरात मजुरीचा पैसा येत राहिला हे होते. या कामांमागील विचार ज्यांनी मांडला आणि आधी आपल्याच भागात करून पाहिला ते वि. स. पागे तासगाव तालुक्यातील विसापूरचे. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कागदावर ती रोजगाराची योजना आहे. माझ्या मते महाराष्ट्राने राबवलेल्या सर्वांत मोठ्या आरोग्य योजनांमध्ये तिची गणना व्हायला हवी, आणि ज्या जिल्ह्यातून ती निघाली त्या जिल्ह्याने पुढचे पाऊल टाकणे हे त्याच परंपरेत बसणारे आहे.

परदेशांतील अनुभवही हेच सांगतो, आणि तो मी थोडक्यात मांडते. सोव्हिएत संघ फुटल्यानंतर रशियात कारखाने, पगार आणि त्यांच्याशी जोडलेले दवाखाने एकदमच कोसळले. १९९० साली तेथील पुरुषांचे सरासरी आयुर्मान ६४ वर्षांच्या आसपास होते, ते १९९४ मध्ये ५८ च्याही खाली गेले. त्याच वर्षांत शेजारच्या फिनलंडमध्येही मोठी मंदी आली आणि तीन टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी सोळा टक्क्यांवर गेली. तरीही तेथे आत्महत्या वाढल्या नाहीत, उलट घटत गेल्या, कारण काम गेलेल्या माणसाला भत्ता, प्रशिक्षण आणि दवाखाना यांपैकी काहीच बंद झाले नव्हते, शिवाय आत्महत्या रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम तेथे आधीपासून चालू होता. अमेरिकेत १९३० च्या दशकातील महामंदीत आत्महत्या वाढल्या, पण एकूण मृत्युदर वाढला नाही. म्हणजे पैसा गेला की माणसे मरणारच, असा काही निसर्गनियम नाही. मधल्या काळात शासन काय चालू ठेवते आणि काय बंद करते, यावर बरेच काही ठरते.

ग्रीसचा अनुभव माझ्या व्यवसायाशी संबंधित असल्यामुळे त्यावर थोडे अधिक लिहिते. २०१० नंतर त्या देशाने कर्जदारांच्या अटींनुसार आरोग्यावरील खर्चाला कात्री लावली. दीर्घकाळ बेकार राहिलेल्या लोकांचा आरोग्य विमा संपुष्टात येऊ लागला. सरकारी विमा संस्थेने औषध दुकानदारांची देणी थकवली आणि २०१२ मध्ये तेथील दुकानदारांनी उधारीवर औषध देणे थांबवून रोख पैसे मागायला सुरुवात केली. ही बातमी वाचली तेव्हा मला त्या दुकानदारांचा राग आला नाही. माझ्याकडेही एका मर्यादेपलीकडे उधारी थकली तर घाऊक विक्रेता मला माल देणार नाही. संकटाचा भार असा एकेक पायरी खाली सरकत जातो आणि शेवटी तो ज्याच्याकडे सरकवायला कोणीच उरलेले नाही त्या रुग्णावर येऊन थांबतो. अथेन्समध्ये नशेची इंजेक्शने घेणाऱ्यांत एचआयव्हीची लागण २०११ मध्ये पूर्वीच्या कितीतरी पटींनी वाढली. स्वच्छ सुया वाटण्याचे काम तेथे आधीच तोकडे होते. विमा नसलेल्यांना सरकारी दवाखान्यांचे दार कायद्याने पुन्हा खुले व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. वाचलेला पैसा किती आणि नंतर उपचारांवर गेलेला किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आपल्याकडे काहीच होत नाही असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे मिरजेत झालेल्या शस्त्रक्रियांचे पैसे भरावे न लागलेली कितीतरी कुटुंबे मी ओळखते. परंतु ही योजना दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येते. रोजची गोळी तिच्यात बसत नाही, आणि लोकांच्या खिशातून जो पैसा अजूनही जातो त्यातील मोठा भाग अशाच औषधांवर जातो. लकवा मारल्यावर उपचार होतील, पण तो टाळणारी गोळी ज्याची त्याने पाहावी, अशी ही व्यवस्था झाली आहे. ज्या वर्षी घरात पैसा असतो त्या वर्षी ती चालून जाते. पैसा नसलेल्या वर्षी काय होते, ते मी वर लिहिलेच आहे.

क्षयरोगाबाबतही दोन गोष्टी सांगते. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता. लोक घराबाहेर पडू शकत नव्हते, हातात भाड्याला पैसे नव्हते आणि तपासणारी यंत्रणा दुसऱ्या कामात गुंतली होती. संकटाच्या वर्षात आजाराचे आकडे खाली आले तर आपण आनंद न मानता सावध व्हावे, एवढे तरी यातून शिकता येते. दुसरी गोष्ट आशा वाटावी अशी आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत क्षयरुग्णाच्या घरातील माणसांना दरमहा पोषक शिधा देण्यात आला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. रुग्णाला मिळणारी पोषण मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु एका रुग्णाच्या नावाने आलेल्या पैशाचा किराणा पाच जणांच्या चुलीवर शिजतो. विट्याच्या यंत्रमागांवर किंवा आमच्याकडच्या बेदाणा शेडवर काम बंद पडते त्या महिन्यांत तरी, क्षयरुग्ण असलेल्या प्रत्येक घरातील सर्व माणसांसाठी डाळ, तेल आणि दूध-भुकटीचा शिधा जिल्हा योजनेतून द्यावा. जिल्ह्यातील अशा घरांची यादी आरोग्य विभागाकडे तयार आहे, ती नव्याने शोधावी लागणार नाही.

मनाच्या आजाराबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर प्रकरण पात्र ठरले तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. त्या पैशाची कुटुंबाला गरज असते, तो देऊ नये असे कोणीच म्हणणार नाही. पण तो माणूस जिवंत होता, सोसायटीच्या नोटिसा घेत होता, रात्री झोपत नव्हता, माझ्याकडे येऊन गोळी मागत होता, त्या पाच-सहा महिन्यांसाठी आपल्या जिल्हा योजनेत एखादी तरतूद आहे का, हे समितीने तपासावे. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेची मोफत मदत मिळते. मी तो क्रमांक काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावला आहे आणि झोपेची गोळी नाकारताना त्याकडे बोट दाखवते. हे एका दुकानापुरते राहू नये. वसुलीची नोटीस घेऊन जाणारे सोसायटीचे सचिव, बँकेचे वसुली अधिकारी आणि कृषी सेवा केंद्राचे चालक यांना अडचणीत सापडलेला माणूस डॉक्टरांच्या कितीतरी आधी दिसतो. त्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, आणि प्रत्येक नोटिशीवर हा क्रमांक व जवळच्या आरोग्य केंद्राचे नाव छापलेले असावे. त्याला फारसा खर्च येणार नाही.

हंगामात आपल्या कारखान्यांच्या उसाच्या फडांत बीड आणि मराठवाड्याच्या अन्य भागांतून येणाऱ्या टोळ्या असतात, त्यांचा उल्लेख केला नाही तर हे पत्र अपुरे राहील. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्याला समिती नेमावी लागली, इतकी ती गोष्ट गंभीर होती. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन आलेल्या जोडप्यातील बाईला आजारपणाचा खाडा परवडत नाही. या स्त्रिया मतदार दुसऱ्या जिल्ह्याच्या आहेत, पण वर्षातले पाच महिने त्यांची शरीरे आपल्या जिल्ह्यात राबतात. नववी सवलत द्याल तेव्हा ती रेशनकार्डावरील पत्ता न पाहता द्यावी.

आता प्रत्यक्ष काय करावे याबद्दल. २०१७ च्या अखेरीस भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या काही जिल्ह्यांत साताऱ्याचा समावेश होता. ठरावीक, स्वस्त औषधे, एका वेळी महिनाभराचा साठा, शक्य तेथे उपकेंद्रातच वाटप आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, असे त्याचे साधे सूत्र आहे. संकटाच्या काळात आपण हाच साठा तीन महिन्यांचा करावा, त्यात मधुमेह, फिट, दमा आणि मानसिक आजारांची औषधे जोडावीत, आणि खासगी डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या रुग्णालाही ती कोणतीही चौकशी न करता द्यावीत. आशा सेविकांनी घरोघरी जाऊन यादी करावी. त्यासाठी त्यांना ठरलेला मोबदला आणि तोही त्याच महिन्यात मिळावा, कारण ज्यांचे स्वतःचे पैसे महिनोन्महिने थकतात त्यांना दुसऱ्यांच्या संकटाची यादी करायला पाठवणे योग्य नाही.

हे केव्हा सुरू करायचे, यासाठी दुष्काळाच्या घोषणेची वाट पाहू नये. जिल्हा अग्रणी बँकेकडे थकीत कर्जांचे, महावितरणकडे थकीत बिलांचे, जिल्हा उपनिबंधकांकडे सोसायट्यांच्या वसुलीचे, बाजार समित्यांकडे दराचे आणि रोजगार हमी शाखेकडे गावनिहाय काममागणीचे आकडे असतात. आपल्या बैठकांच्या निमित्ताने या सर्व कार्यालयांचे प्रमुख एका सभागृहात जमतात. एखाद्या महसूल मंडळात यातील तीन आकडे मागील वर्षापेक्षा ठळकपणे बिघडले, की जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी तेथे नववी सवलत सुरू करावी, एवढा नियम समितीला करता येईल.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. संकटाच्या वर्षी शासनाचे उत्पन्नही घटते. परंतु मे २०२० मध्ये राज्याने विकासकामांवरील खर्च ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला, तेव्हा आरोग्य विभागाला प्राधान्याच्या यादीत ठेवून त्यातून वगळले होते. म्हणजे हे करता येते, आणि महाराष्ट्राने ते केलेले आहे. त्या वेळी समोर साथ होती म्हणून ते सुचले. दर कोसळण्याच्या वर्षी साथ दिसत नाही, पण जिल्हा योजनेत आरोग्याच्या शीर्षाखाली ठेवलेली रक्कम अशा वर्षी अन्य कामांकडे वळवली जाणार नाही, उलट तिच्यात ठरावीक वाढ होईल, असा ठराव समितीने आपल्या पुढील बैठकीत करावा, अशी माझी विनंती आहे.

माझ्या उधारीच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यातील नावे झाकून, कोणत्या महिन्यात कोणते औषध किती कमी गेले याचा तक्ता मी स्वखर्चाने तयार करून देईन, आणि तालुक्यातील आणखी काही औषध विक्रेत्यांनीही त्यांच्या नोंदी अशाच रीतीने देण्याची तयारी माझ्याजवळ दाखवली आहे. समितीने बोलावले तर मी सांगलीला येऊन तो तक्ता समजावून सांगेन. गुरुवारी आमचा बाजार असतो, तो दिवस सोडून कोणताही दिवस मला चालेल.

आपली विश्वासू,
कवठे महांकाळ तालुक्यातील एक औषध विक्रेती